वराहाचे ऋण

मराठी भाषेत डुकराच्या वाट्याला फारसा सन्मान आलेला नाही. दशावतारांत तिसरे स्थान देऊन, बुडालेली पृथ्वी सुळ्यांवर तोलून धरल्याचे श्रेय आपण वराहाला देतो. परंतु तोच प्राणी गावकुसाबाहेर दिसला की त्याचे नाव शिवी म्हणून वापरतो. ज्या वडार-कैकाडी मंडळींनी पिढ्यान्‌पिढ्या डुकरे पाळली, त्यांच्याही माथी त्या नावाबरोबर येणारी हीनता समाजाने मारली. नोकरीच्या निमित्ताने ईशान्य भारतात येऊन राहिलेल्या मजसारख्याला येथे मात्र निराळे चित्र दिसते. खासी किंवा बोडो कुटुंबाच्या परसातले डुक्कर ही घरची ठेव असते. अडीअडचणीला ते विकले जाते, मंगलकार्याला ते लागते, आणि त्याची निगा राखण्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. गुवाहाटीजवळ राणी येथे २००२ साली केंद्र सरकारने वराहांच्या संशोधनासाठी एक स्वतंत्र राष्ट्रीय संस्थाच स्थापन केली आहे. एकाच देशात एका प्राण्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी इतक्या भिन्न असाव्यात, हे कुतूहलाचे खरेच.

ह्या दोन्ही दृष्टींहून वेगळी अशी तिसरी एक दृष्टी आहे, आणि ती शल्यवैद्याची होय. मानवी देहावर जे करावयाचे ते आधी कोणाच्या देहावर करून पाहावे, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. त्याचे जे उत्तर कातडी व अवयव यांच्या रोपणविद्येने विसाव्या शतकात अधिकाधिक स्वीकारले, ते म्हणजे डुक्कर. ह्या स्वीकाराचा इतिहास येथे थोडक्यात सांगावयाचा आहे. त्यात विजय आहेत, फसगती आहेत, आणि आपल्या पुण्याचा व आसामचाही त्यात थोडा वाटा आहे.

१

उमेदवार वैद्याने जिवंत माणसावर शस्त्र चालविण्यापूर्वी हात बसविला पाहिजे, ही जाणीव सुश्रुतसंहितेत स्पष्टपणे आढळते. तेथे ‘योग्या’ म्हणजे अभ्यास यासाठी एक स्वतंत्र अध्याय आहे. छेद घेण्याचा सराव कोहळ्या-भोपळ्यांवर करावा, सकेश कातड्यावर खरवडण्याचा करावा, शिरा तोडण्याचा सराव मेलेल्या जनावरांच्या शिरांवर व कमळाच्या देठांवर करावा, असे त्यात सांगितले आहे. परंतु येथे मृत प्राणी हा केवळ हात तयार करण्याचे साधन आहे. मानवी देहाचे रहस्य त्याच्याकडून वदवून घ्यावे, अशी कल्पना त्यात नाही.

ती कल्पना इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये गेलेन या ग्रीक वैद्याने प्रत्यक्षात आणली. त्याने आपल्या जाहीर प्रात्यक्षिकांसाठी डुक्कर निवडले, त्याचे एक कारण अगदी साधे होते: ह्या प्राण्याचा आवाज मोठा. किंचाळणाऱ्या डुकराच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू गेलेनने बांधला की आवाज एकदम बंद होई. वाणीचा उगम हृदयात आहे असे मानणाऱ्या पंडितांना त्याने ह्या एका प्रयोगाने निरुत्तर केले; वाणीची सूत्रे मेंदूकडे आहेत हे सर्वांच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले. प्रयोग निर्दय होता, पण त्याचा निष्कर्ष खरा होता.

मात्र त्याच गेलेनने प्राणिदेहावर विसंबण्याचा धोकाही जगाला दाखवून दिला, तोही स्वतःच्या नकळत. बैल, मेंढी, डुक्कर इत्यादी खूरवाल्या प्राण्यांच्या मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचे एक सुरेख जाळे असते. गेलेनने ते पाहिले आणि माणसाच्या मेंदूतही ते असणारच असे गृहीत धरून त्यावर एक मोठा सिद्धांत उभारला. वस्तुतः माणसात ते जाळे नाही. तरीही सुमारे तेराशे वर्षे युरोपातील वैद्य ते आहे असे शिकत आणि शिकवीत राहिले. सोळाव्या शतकाच्या आरंभी बेरेंगारिओ दा कार्पी याने त्याबद्दल शंका घेतली आणि १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्हेसालियसने गेलेनची ही चूक उघड केली. साम्य म्हणजे एकरूपता नव्हे, हा धडा इतका महाग पडला. पुढील सर्व इतिहासात तो पुन्हा पुन्हा गिरवावा लागलेला दिसतो.

२

आता कातडीकडे वळू. येथे प्रथम पुण्याचे स्मरण केले पाहिजे. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात इंग्रजांच्या सैन्यात कावसजी नावाचा एक बैलवान चाकरीला होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचे नाक कापले. पुढे पुण्याजवळ एका कारागिराने, जो कुंभार-वीटकऱ्यांच्या जातीचा होता असे इंग्रज सांगतात, त्याला नवे नाक करून दिले. कपाळावरील कातडीचा एक तुकडा मापाने कापावयाचा, दोन भुवयांच्या मध्ये तो एका अरुंद पट्टीने जोडलेलाच ठेवावयाचा, मग तो उलटा फिरवून नाकाच्या जागी बसवावयाचा, अशी ती क्रिया. हा वृत्तांत सचित्र रूपाने १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली आणि युरोपातील नव्या रूपसंधानशास्त्राला चालना मिळाली. कावसजीचे नाव राहिले, कार्प्यूचे राहिले, त्या कुंभाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

त्या कुंभाराला जे हाताने अवगत होते त्याची मीमांसा होण्यास पावणेदोनशे वर्षे जावी लागली, आणि ती होण्यास डुकराचे साहाय्य झाले. उंदीर, ससा इत्यादी प्राण्यांची कातडी अंगावर सैल असते. तिच्या खाली स्नायूंचा एक पातळ थर असतो आणि जखम झाली की आजूबाजूची कातडी आकसून ती बरीचशी मिटून जाते. माणसाची कातडी तशी नाही. ती खालच्या चरबीला घट्ट चिकटलेली असते, तिच्यावर केस विरळ असतात आणि जखम भरताना नव्या पेशी कडांकडून व केसांच्या मुळांकडून सरकत येऊन ती झाकतात. ह्या बाबतीत माणसाचा जवळचा सोबती डुक्कर आहे. म्हणून भाजणे, जखम भरणे व कातडीचे रोपण यांच्या अभ्यासात त्याला अग्रस्थान मिळाले.

१९६२ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज विंटर याने लहान डुकरांच्या पाठीवर उथळ जखमा करून त्यांपैकी काही उघड्या ठेवल्या व काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. जखमेला हवा लागू द्यावी, खपली धरू द्यावी, म्हणजे ती लवकर बरी होते, हा केवळ आपल्या आजीबाईंचाच नव्हे तर पुष्कळ डॉक्टरांचाही समज होता. विंटरला आढळले ते नेमके उलटे: झाकलेल्या ओलसर जखमेवर नवी त्वचा सुमारे दुप्पट वेगाने येते. आज रुग्णालयांतून भाजलेल्या व चिघळलेल्या जखमांवर ज्या निरनिराळ्या ओलावा राखणाऱ्या पट्ट्या लावतात, त्यांच्या विचाराचा पाया ह्या प्रयोगात आहे. डुकराच्या बाबतीत खरे ठरलेले हे तत्त्व पुढे माणसाच्या बाबतीतही खरे ठरले.

दुसरा प्रयोग १९७० सालचा. देहाला एका बाजूने जोडून ठेवलेला कातडीचा तुकडा किती लांब कापला तर जगेल, याविषयी शल्यवैद्यांचा एक ठोकळ नियम होता. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण ठरलेले असावे, लांबी वाढवावयाची तर जोडही तितकाच रुंद ठेवावा, असे ते मानीत. एस. एच. मिल्टन याने डुकरांवर निरनिराळ्या रुंदीचे तुकडे कापून पाहिले. एकाच जागी, एकाच तऱ्हेच्या रक्तपुरवठ्यावर कापलेले तुकडे अरुंद असोत वा रुंद, सारख्याच लांबीपर्यंत जगत. त्यापुढचा भाग काळा पडून मरे. याचा अर्थ रुंदीला महत्त्व नाही. जोडातून कोणती रक्तवाहिनी आत जाते याला आहे. हे कळल्यावर पुण्याच्या कुंभाराची करामत ध्यानात येते. भुवयांच्या मधल्या त्या अरुंद पट्टीतून एक धमनी कपाळाकडे चढते. तिच्यामुळेच ते कपाळाचे कातडे नाक होऊन जगले. नियमाच्या पुस्तकाने ज्याला मना केली असती, ते परंपरेने चाललेल्या कारागिरीने आधीच साधले होते.

३

कातडी आपल्याच देहावरून आपल्याच देहावर नेली तर ती जगते. परक्याची आणली तर काही दिवसांत गळून पडते. हे का होते, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पीटर मेडॉवर याने केला. भाजलेल्या रुग्णांवर काम करताना त्याच्या व टॉमस गिब्सनच्या लक्षात आले की, त्याच परक्या दात्याची कातडी दुसऱ्यांदा लावली तर ती पहिल्यापेक्षा लवकर गळते. म्हणजे देह परक्याला ओळखतो आणि लक्षातही ठेवतो. १९४३ च्या ह्या निरीक्षणातून पुढे जे शास्त्र उभे राहिले, त्याबद्दल मेडॉवरला १९६० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तत्पूर्वीच धाडसी मंडळींनी दरवाजा ठोठावून पाहिला होता. १९०६ साली फ्रान्समधील लिआँ येथे मात्यू झाबुले याने मूत्रपिंड निकामी झालेल्या एका स्त्रीच्या कोपराशी डुकराचे मूत्रपिंड रक्तवाहिन्यांना जोडले. ते सुमारे तासभर चालले आणि बंद पडले. माणसामाणसांतील यशस्वी रोपणास १९५४ चा डिसेंबर उजाडावा लागला. बोस्टन येथे जोसेफ मरे याने एका जुळ्या भावाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसविले. देहाने ते परके मानले नाही, कारण ते भाऊ एकाच बीजापासून झालेले होते.

ह्या काळापर्यंत प्रयोगशाळांतील मुख्य प्राणी कुत्रा होता. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६८ च्या फेब्रुवारीत भारतातील पहिले मानवी हृदयारोपण केले, तेही कुत्र्यांवरील पूर्वाभ्यासानंतरच. त्यांचा रुग्ण काही तासच जगला. परंतु यकृताच्या शस्त्रक्रियेत कुत्रा अडचणीचा ठरे. त्याच्या यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा आवळल्या जाऊन ते फुगत असे. म्हणून केंब्रिजच्या रॉय कॅल्न याने व इतर काहींनी डुकराकडे मोर्चा वळविला.

आणि तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. एका डुकराचे यकृत दुसऱ्या, नात्यात नसलेल्या डुकराला बसविले, कोणतेही औषध दिले नाही, तरी कित्येक प्राणी महिनोन्‌महिने जगले. त्याच प्राण्यांत कातडी वा मूत्रपिंड मात्र टिकत नसे. पुढे १९६९ साली कॅल्नने असेही दाखविले की, यकृत स्वीकारलेला प्राणी त्याच दात्याचे इतर अवयवही अधिक सहजपणे सहन करतो. यकृत जणू देहाशी तह घडवून आणी. ह्या अनुभवाने धीर येऊन कॅल्नने २ मे १९६८ रोजी केंब्रिज येथे मानवी यकृतरोपण केलेही. परंतु माणसाचा देह डुकराइतका क्षमाशील निघाला नाही. यकृत इतर अवयवांपेक्षा थोडे कमी नाकारले जाते हे खरे, पण औषधाविना ते टिकत नाही हे कटू अनुभवाने कळले. गेलेनला मेंदूच्या तळाशी जे जाळे दिसले होते, त्याचीच ही आधुनिक आवृत्ती म्हणता येईल. फरक इतकाच की ही चूक ध्यानात येण्यास तेराशे वर्षे लागली नाहीत.

ह्या निराशेवर उपायही अंशतः त्याच प्राण्याकडून आला. मातीतील एका बुरशीपासून मिळालेल्या सायक्लोस्पोरिन या द्रव्याचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम झाँ बोरेल व त्याचे सहकारी यांनी १९७६ साली प्रसिद्ध केला. कॅल्नच्या प्रयोगशाळेने ते उंदरांवर पाहिले, मग डुकरांवर हृदयारोपण करून पाहिले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत डुकरांची हृदये पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक काळ टिकली, आणि त्याच वर्षी हे औषध रुग्णांना देण्यात येऊ लागले. आज जगभर जे हजारो लोक परक्याचे मूत्रपिंड, यकृत वा हृदय घेऊन वावरत आहेत, त्यांच्या मार्गाची फरसबंदी ह्या औषधाने केली.

एक अडचण उरली होती. साधे डुक्कर वाढता वाढता दीडदोनशे किलोंच्या वर जाते. त्याला सांभाळणेही अवघड आणि औषधाचा खर्चही मोठा. म्हणून १९४९ पासून अमेरिकेत मिनेसोटा येथील हॉर्मेल संस्थेने संकराने ठेंगणी डुकरे तयार करण्यास आरंभ केला. पुढे जर्मनीत ग्योटिंगेन येथेही अशीच एक जात निर्माण झाली. सत्तरीच्या दशकात अमेरिकेतील डेव्हिड सॅक्स याने अशा ठेंगण्या डुकरांचे असे वंश जोपासले की, कोणत्या दोन प्राण्यांचे ऊतक परस्परांशी जुळेल व कोणते जुळणार नाही, हे आधीच निश्चित सांगता यावे. रोपणशास्त्राला जणू मोजपट्टीच मिळाली.

४

येथवर डुक्कर हा माणसाचा नमुना होता. क्रमाने तो दाता होऊ लागला, आणि येथेच प्रश्न अधिक गंभीर होतात. वस्तुतः लहान प्रमाणात तो दाता पूर्वीपासून होताच. मधुमेह्यांना अनेक दशके डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्सुलिन दिले जाई. मानवी इन्सुलिनशी त्याचा केवळ एका अमिनो आम्लाचा फरक आहे. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन आजही मुख्यतः डुकराच्या आतड्यांतून मिळते. १९६५ साली पॅरिस येथे बिने, कार्पांतिए व त्यांचे सहकारी यांनी डुकराच्या हृदयाची झडप माणसाच्या हृदयात बसविली. पुढे कार्पांतिएने अशा झडपा ग्लुटरल्डिहाइडमध्ये मुरवून टिकाऊ केल्या. मुरवलेली झडप हे निर्जीव ऊतक असते; देह तिच्याशी फारसे भांडत नाही. जिवंत अवयवाची गोष्ट वेगळी. डुकराच्या पेशींवर एक विशिष्ट शर्करा असते, जी माणसाजवळ नाही; तिच्याविरुद्धची प्रतिद्रव्ये मात्र आपल्या रक्तात लहानपणापासून सज्ज असतात. डुकराचा जिवंत अवयव जोडताच काही मिनिटांत वा तासांत तो काळानिळा पडून मरतो. झाबुलेच्या तासाभराच्या अपयशाचे हेच कारण.

ह्या ज्ञात अडथळ्याच्या पार्श्वभूमीवर १ जानेवारी १९९७ रोजी गुवाहाटीजवळ सोनापूर येथे जे घडले ते पाहिले पाहिजे. डॉ. धनीराम बरुआ यांनी हाँगकाँगच्या एका शल्यवैद्यासह बत्तीस वर्षांच्या एका रुग्णाच्या देहात डुकराचे हृदय बसविले. रुग्ण सात दिवसांनी मरण पावला. नाकारले जाण्यावर आपण उपाय शोधला आहे, असे डॉ. बरुआ सांगत, त्या दाव्याला स्वतंत्र शास्त्रीय पुष्टी मिळाली नाही. अवयवरोपणाच्या १९९४ च्या कायद्याखाली त्यांना अटक झाली व सुमारे चाळीस दिवस त्यांनी कैदेत काढले. हा कायदा आरंभी ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा ही दोन होती, हे जाता जाता नमूद करण्यासारखे आहे.

पंचवीस वर्षांनी अमेरिकेत डुकराच्या हृदयाचा गाजावाजा झाला तेव्हा, आसामने हे आधीच केले होते, मग आमच्या माणसाला तुरुंग आणि त्यांना टाळ्या का, असा सवाल येथे अनेकांनी केला. सवाल समजण्याजोगा आहे. पण त्याचे उत्तर त्या पंचवीस वर्षांत काय झाले यात आहे. १९९२ च्या डिसेंबरात केंब्रिज येथे मानवी जनुक अंगी असलेली ‘अ‍ॅस्ट्रिड’ ही डुकरीण जन्मली होती. १९९७ साली, म्हणजे सोनापूरच्याच वर्षी, रॉबिन वाइस व सहकाऱ्यांनी दाखविले की, डुकराच्या जनुकांतच दडलेले काही विषाणू मानवी पेशींना लागण करू शकतात. म्हणजे धोका एका रुग्णापुरता राहत नाही, समाजापर्यंत पोहोचू शकतो. २००२-०३ मध्ये त्या घातक शर्करेचे जनुक काढून टाकलेली डुकरे जन्माला आली. मग वर्षानुवर्षे बबून माकडांवर चाचण्या झाल्या. एवढे झाल्यावर ७ जानेवारी २०२२ रोजी बाल्टिमोर येथे, दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय सत्तावन वर्षांच्या एका रुग्णाला, सरकारी अनुज्ञेने व त्याच्या संमतीने, बसविण्यात आले. तो दोन महिने जगला. इतकी सावधगिरी बाळगूनही त्या हृदयात डुकराचा एक विषाणू लपलेला निघाला. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टन येथे जिवंत रुग्णाला डुकराचे मूत्रपिंड बसविले गेले. तोही सुमारे दोन महिन्यांनी वारला. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये एका स्त्रीला बसविलेले मूत्रपिंड एकशेतीस दिवस चालले व मग काढावे लागले. एकूण प्रवास पुढचा आहे, पण मुक्काम दूर आहे.

सोनापूर व बाल्टिमोर यांतील भेद यशापयशाचा नाही. दोन्ही रुग्ण गेलेच. पहिल्यात कागद कोरा होता आणि दुसऱ्यात प्रत्येक पाऊल लिहिलेले, तपासलेले व इतरांना पडताळता येण्यासारखे होते. सरकारी नोकरीत आयुष्य घालविणाऱ्या आपणा मंडळींची टिपणांबद्दल नेहमी थट्टा होते. परंतु कोणाच्या परवानगीने, कोणत्या आधारावर आणि कोणाला विचारून हे केले, ह्या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे मागणे याला केवळ कारकुनी म्हणता येत नाही. मरणाच्या दारातील माणूस कशालाही होकार देईल. म्हणूनच त्याच्या होकाराची छाननी दुसऱ्याने करावी लागते.

५

त्या छाननीत आणखी एक पक्षकार असतो, ज्याला होकार-नकार देताच येत नाही. १९५९ साली रसेल व बर्च या दोघा इंग्रज लेखकांनी प्राण्यांवरील प्रयोगांसाठी तीन कसोट्या सांगितल्या: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, वापरावयाचेच तर कमीत कमी प्राणी वापरावेत, आणि त्यांना होणारा क्लेश कमीत कमी करावा. आपल्याकडे राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी प्राणिक्लेशाविरुद्ध खासगी विधेयक मांडले होते. त्या चळवळीतून १९६० चा केंद्रीय कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तरतूद त्यात करण्यात आली. कायद्याने प्रयोग बंद केले नाहीत, पण कोणीतरी विचारणारा असावा एवढे मान्य केले.

धर्मभावनेचा प्रश्नही ह्यापुढे टाळता येणार नाही. डुकराच्या झडपेबाबत मुसलमान व ज्यू परंपरांतील अनेक विद्वानांनी, जीव वाचविण्याच्या गरजेपुढे निषेध शिथिल होतो, असे मत दिले आहे. शाकाहारी हिंदू वा जैन रुग्णाचे मन कसे घेईल, हे ज्याचे त्यानेच ठरवावे. मात्र त्याला आधी सांगितले गेले पाहिजे. आपल्या देशात अवयवांची वाट पाहत मरणाऱ्यांची रांग मोठी आहे, आणि मृत्यूनंतर अवयवदान करण्याचा आपला उत्साह तोकडा आहे. आपण माणसांनी एकमेकांना जे देण्यास हात आखडता घेतला, ते आता एका मुक्या जनावराकडून घेण्याची तयारी चालली आहे, ही गोष्ट शास्त्राच्या गौरवात विसरली जाऊ नये.

पुण्याच्या त्या कुंभाराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही, विंटरच्या व मिल्टनच्या डुकरांना तर नावेच नव्हती. परंतु भाजलेल्या हातावर आलेली नवी त्वचा, बसविलेली झडप घेऊन जिना चढणारे एखादे वृद्ध गृहस्थ, परक्याचे मूत्रपिंड घेऊन पुन्हा कचेरीत रुजू झालेला एखादा सहकारी, यांच्या देहांत त्या सर्वांचा हिशेब शिल्लक आहे. तो फेडणे अवघड आहे. निदान ज्या प्राण्याचे नाव आपण सहज शिवीसारखे उच्चारतो, त्याच्या आणि त्याला पाळणाऱ्यांच्या बाबतीत जीभ थोडी आवरावी, एवढे तरी आपल्या हाती आहे.